व्हेंट पाइपावरचे तीन ठोके

मी सांगलीतल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचं काढलं की त्याला उभं करून "पुरावा काय?" असं विचारणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. मुलं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्यामुळे हे इथे लिहावं की नको, याचा दोन महिने विचार केला... आणि त्यात विषय कुठला, तर संडासाची टाकी! बाकीच्यांना असले अनुभव घाटात येतात, पडक्या विहिरीवर येतात. आम्हाला आला तो सेप्टिक टँकपाशी, आणि तोही सकाळच्या चहाच्या वेळेला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझं सासर उंब्रजचं. हायवे सोडून गावात शिरलं की एक रस्ता तारळी नदीच्या अंगाला जातो, त्यावर आमचं चार खोल्यांचं स्लॅबचं घर आहे. मागे परसात कढीपत्त्याचं झाड, धुण्याचा दगड आणि भिंतीला लागून टाकी. टाकीतला गॅस वरच्या वर हवेत जावा म्हणून तिला एक व्हेंट पाइप असतो. आमचा तो जुन्या पद्धतीचा, बिडाचा, स्लॅबच्याही वर पाच-सहा फूट गेलेला.

ही टाकी माझ्या सासऱ्यांनी बांधली. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा लष्करात बांधकामाच्या पलटणीत होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी गावातल्या इकबालभाई गवंड्यांना हाताशी धरून स्वतः पाटी उचलून ती बांधली, आणि मग तिच्यावर एवढा जीव लावला की आत्या म्हणायच्या, ह्यांनी मला कवा एवढं इचारलं न्हाई. घरात फिनेल आणायला बंदी होती. ॲसिडचं तर नावच काढायचं नाही. लग्न होऊन आल्यावर मी हौसेनं बाथरूम चकाचक करायला घेतलं, तेव्हा मामांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली होती.

"टाकीत जित्राब ऱ्हातंय, पोरी. आपलं समदं त्ये खातंय. त्येला इख घालतीस व्हय?"

विज्ञानाची शिक्षिका असून मला गप्प बसावं लागलं, कारण मुद्दा बरोबर होता. टाकीतले जिवाणू मेले की घाण कुजायची थांबते. मामांनी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण जिवाणूंना 'जित्राब' म्हणून ते गोठ्यातल्या जनावराइतक्याच मायेनं वागवायचे.

त्यांचे आणखी दोन नेम होते. रोज सकाळी चहा झाला की दुखऱ्या गुडघ्यांसाठी घेतलेली काठी उचलून मागे जायचं आणि पाइपावर तीन ठोके मारायचे. काठीच्या खालच्या टोकाला पितळेच्या टोपणासारखी शेंबी होती, ती पाइपावर आपटली की आवाज स्वयंपाकघरात यायचा. टण्ण वाजला तर पाइप मोकळा, बद्द वाजला तर तुंबला. मी त्यांना सांगायची, मामा, वर तुंबलं म्हणून खाली आवाज बदलेल असं काही नसतं. त्यावर ते म्हणायचे, "तुमच्या पुस्तकात नसंल. पाइप मी बशिवलाय." झालं, संपला वाद!

दुसरा नेम वर्षाचा. मृगाच्या आधी शिडी लावून पाइपाच्या तोंडाला स्वतःच्या जुन्या धोतराचा तुकडा बांधायचे, म्हणजे टाकीतले डास बाहेर पडत नाहीत. धोतर जुनंच पाहिजे, धुऊन धुऊन विरलेलं. नवं कापड कोंडतं, जुन्यातनं वारा जातो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर मामा गेले. सकाळचा चहा पिऊन कप खाली ठेवला आणि तिथंच मान टाकली. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आत्यांनी त्यांची काठी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुझ्यासंगं भांडायला त्यास्नी लय आवडायचं, तूच ने. मी ती सांगलीला आणली आणि फ्लॅटच्या दाराआड कोपऱ्यात उभी केली. तेव्हापासून ती तिथून हलली नाही... हे लक्षात ठेवा.

माणूस गेलं की त्याचे कपडे देऊन टाकतात. आत्यांनी एकही दिला नाही. मामांची धोतरं घडी करून लष्करातल्या काळ्या ट्रंकेत ठेवली आणि ट्रंक कॉटखाली सरकवली. त्यामुळे पुढच्या मृगाआधी पाइपाला कापड बांधायची वेळ आली तेव्हा आत्यांनी सरळ सांगितलं, धोतर फाडायचं न्हाई. मीही म्हटलं, कशाला फाडायचं? बाजारातून चांगलं नवं मांजरपाट आणलं, टिकावं म्हणून दुहेरी केलं, आणि माझ्या मिस्टरांनी शिडीवर चढून ते तारेनं घट्ट आवळलं. मामा असते तर आम्हा दोघांना परसातून हाकललं असतं.

पावसाळा तसाच गेला. वर्षश्राद्धाच्या आधी मिस्टरांनी रजा काढून घर रंगवलं. पाइपालाही चंदेरी ऑइलपेंट दिला. लांबून बघितलं की वर अगदी ॲल्युमिनियमची टोपी बसवल्यासारखा दिसायचा. आत्या खूश झाल्या.

आणि श्राद्धानंतर आठवड्याभरात घरात वास सुरू झाला.

साधासुधा नव्हे. सडक्या अंड्याचा. हायड्रोजन सल्फाइड मी दरवर्षी शिकवते, पण असा शिकवला नव्हता. आधी बाथरूममध्ये, मग मोरीत, मग स्वयंपाकघरात. आत्या उंब्रजला एकट्याच असतात, आम्ही शनिवार-रविवारी जातो. दर खेपेला वास वाढलेलाच. टँकर बोलावून टाकी उपसली. मोरीतले ट्रॅप बदलले. दुकानातून पावडर आणून टाकली, गूळ-ताक ओतलं. शेवटी, मामांची क्षमा मागून सांगते, मी फिनेलही ओतलं, आणि वास दुप्पट झाला. इकबालभाईंना आणलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, पण हातानं चाचपून त्यांनी टाकी सगळी बघितली आणि म्हणाले की टाकीत काही खोट नाही. वर बघून डोळे बारीक केले आणि टोपी झ्याक बसवली म्हणून कौतुकही केलं!

दुपारी आत्यांकडे शेंगा फोडायला, गप्पा मारायला बायका यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पदर नाकाला जायचाच. आणि मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं की आत्या एकच वेळ जेवतात. भूक नाही म्हणायच्या. मी फार खोदून विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, कमी खाल्लं की तिकडं कमी जावं लागतं. सत्तरी ओलांडलेली बाई घराला वास येतो म्हणून स्वतःला उपाशी ठेवत होती. मला तिथंच रडू आलं.

त्याच दिवशी आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, आता बास. संक्रांत झाली की आत्यांना कायमचं सांगलीला न्यायचं आणि घराला कुलूप लावायचं. आत्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. थोड्या वेळानं मला एकटीला म्हणाल्या, "लहान पोरगं घाण करतंय म्हून कुणी त्येला टाकून जातंय व्हय?"

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज हळू, पण खुशीत. म्हणाल्या, चार दिवस झालं, सकाळी चहाच्या वक्ताला पाइप वाजतोय. तीन बार. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. एकटेपणा, वय, उपास... आम्हाला जे वाटायचं ते वाटलं. मी त्यांना समजावलं की बीड रात्री गार होतं आणि सकाळच्या उन्हानं तापतं, तेव्हा धातू प्रसरण पावतो आणि आवाज करतो. आत्या म्हणाल्या, "व्हय, आसंल. पण बद्द वाजतोय."

शनिवारी आम्ही गेलो. रविवारी सकाळी आम्ही तिघंही स्वयंपाकघरात होतो. मी चहा गाळत होते, मिस्टर पाटावर, आत्या भिंतीला टेकून. आत्यांनी कप खाली ठेवला आणि...

बद्द. बद्द. बद्द.

काठीचाच आवाज. मधलं अंतरही तेच, दुसऱ्या ठोक्यानंतर जरा थांबून तिसरा. मामा तिसऱ्याच्या आधी कान लावायचे, म्हणून तो उशिरा पडायचा. गाळणी तशीच टाकून मी मागचं दार उघडून धावले. परसात कुणी नव्हतं. कंपाउंडचं फाटक आतून बंद. ऊन अजून भिंतीवर आलंच नव्हतं, म्हणजे माझं प्रसरण तिथंच बाद झालं. पाइपावर कमरेच्या उंचीला चंदेरी रंगाचे टवके उडालेले, आतलं काळं बीड दिसत होतं. सगळे टवके एका तळहाताएवढ्या जागेत.

भीती वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. अंगावर काटा आला, पण तो शाळेतून आल्यावर घरात आपलं माणूस आधीच आलेलं दिसावं तसा काहीसा. मला मामांशी भांडावंसं वाटलं.

आत्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाइपाकडे न बघता मिस्टरांना म्हणाल्या, "खाली लय हुडकलंसा. आता वर बघ."

मिस्टर शिडी लावून चढले आणि कापड बोटानं दाबून बघितलं. मग ओशाळून म्हणाले, रंगवताना हात फिरता होता म्हणून कापडावरूनही ब्रश फिरवला होता, छान दिसेल म्हणून. दुहेरी नवं मांजरपाट, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात... डबीला झाकण लावावं तसं पाइपाचं तोंड बंद झालं होतं. गॅसला वरची वाट नाही म्हटल्यावर तो घरात येणार नाही तर काय करणार? एवढं साधं. मी दहावीला शिकवते! महिनाभर आम्ही सगळे शहाणे खाली बघत होतो.

तार तोडून कापड ओढलं तशी वरून एक भपकारा आला, मिस्टर शिडीवरून पडता पडता वाचले. दुपारपर्यंत घरातला वास गेला. आत्या या खोलीतून त्या खोलीत नाक वर करून फिरत होत्या.

मग त्यांनी स्वतः कॉटखालची ट्रंक ओढली. सगळ्यात विरलेलं धोतर काढलं, मांडीवर घेऊन थोडा वेळ बसल्या, तोंडाला लावलं. मी म्हटलं, आत्या, दुसरं कुठलंही जुनं कापड चालेल. त्या म्हणाल्या, "त्येंच्या टाकीला त्येंचंच लागतंय." आणि टर्रकन फाडलं. रडल्या नाहीत. रडले ते मिस्टर, शिडीवर उभं राहून बापाचं धोतर बांधताना.

त्या दिवशी आत्या दोन वेळा जेवल्या. सोमवारी आम्ही रजा टाकून थांबलो. सकाळी चहा झाला, आत्यांनी कप खाली ठेवला आणि मागून आवाज आला. टण्ण, टण्ण... आणि जरा थांबून, टण्ण.

त्यानंतर तो आवाज पुन्हा आलेला नाही.

इथपर्यंतही मी निभावून नेलं असतं. गॅसचा दाब कोंडला होता, त्यानं पाइप वाजला असेल. टवके रंगवताना लावलेल्या शिडीनं उडाले असतील. बाकी आमच्या मनाचं. पण त्या संध्याकाळी सांगलीला आलो, दार उघडलं आणि चप्पल काढताना माझी नजर दाराआडच्या काठीवर गेली. पितळेच्या शेंबीवर चंदेरी ठिपके होते. नखानं खरवडून बघितलं. ऑइलपेंट. पाइप रंगवला काठी सांगलीला आल्यावर वर्षानं, आणि काठी उंब्रजला एकदाही गेली नाही. मिस्टरांची मी उलटतपासणी घेतली. रंगाचा डबा, ब्रश, कपडे, सगळं उंब्रजलाच राहिलं होतं. फ्लॅटची किल्ली आमच्याशिवाय कुणाकडे नाही. मी पुरावा मागणारी बाई आहे. पुरावा माझ्या दाराआड उभा आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आत्यांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. रात्रीच्या फोनवर सगळं सांगून टाकलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी रोज सांगलीवरनं येत व्हते?"

मी दाराआडच्या काठीकडे बघितलं.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "फुडल्या शनवारी येताना ती काठी घेऊन ये बाई. हितं पाइपापाशीच ठिवू. त्या गुडघ्यांनी एवढा हेलपाटा कशाला त्यास्नी."