वादळ तिकडे, रजा इकडे

सिंगापूरला टायफून येत नाही. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तो फिरकतच नाही. पण आमच्या तुआसच्या ऑफिसात दर सीझनला वादळांचे किस्से मात्र ढिगाने साचतात. कारण जहाजांनी वादळ कसं चुकवायचं, हे त्यांना एसीत बसून सांगायचं, हेच आमचं काम!

बॉस कॅप्टन दामले, ज्युनिअर अविनाश आणि मी. दामल्यांचा नियम एकच: आपलं जहाज वादळाच्या वाटेत असलं की रजा कॅन्सल. त्यात अविनाशचं पुण्यातलं लग्न एकदा पुढे ढकललं गेलेलं!

*

जुलैत एक वादळ फिलिपिन्सपर्यंत गेलं, थबकलं आणि चक्क मागे फिरलं.

दामले म्हणाले, "हे वादळ नाही, माझे मेहुणे आहेत! चपला घालतात, दारापर्यंत जातात, आणि परत सोफ्यावर!"

*

माझी लेक पुंगोलच्या शाळेत. बाबांचं काम काय, असं टीचरने विचारलं. हिने माझ्या स्क्रीनवर वादळाचे गोल गोल फोटो पाहिलेले. अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ही वॉचेस द फॅन ऑल डे, लाह!"

संध्याकाळी टीचरचा माझ्या बायकोला फोन, "घरी सगळं ठीक आहे ना?"

*

एक जहाज आम्ही बेटाच्या आडोशाला थांबवलं. वादळ सरलं, तरी हलेना!

मी जहाजाच्या कॅप्टनला फोन लावला, "कॅप्टन, निघा आता!"

"सर, अजून एक दिवस द्या. कुकच्या गळाला आत्ता कुठे मासे लागताहेत!"

*

अविनाशला होणाऱ्या बायकोचा फोन. "तुझं वादळ नक्की चाललंय कुठे?"

"तैवानकडे... बहुतेक."

"बहुतेक? आणि याचा तुला पगार देतात?"

*

तुळशीचं लग्न झालं, सीझन ओसरला. अविनाशची बॅग भरून तयार. आणि चार दिवसांवर मुहूर्त असताना नवं वादळ उठलं, ते नेमकं आमच्या जहाजाच्या वाटेत! पुण्यात त्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी थेट देव पाण्यात ठेवले.

हे कळताच दामल्यांनी अविनाशच्या हातातला फोन ओढला. "ताई, देव आधी बाहेर काढा! तिकडे अगोदरच पाणी जास्त झालंय!"

सासूबाईंनी मुकाट्याने देव पुसून देव्हाऱ्यात ठेवले. संध्याकाळी वादळ वळलं आणि मोकळ्या समुद्रात निघून गेलं.

अविनाश धावतच दामल्यांच्या केबिनमध्ये गेला. टेबलावर कॉफीच्या ग्लासात, गळ्यापर्यंत पाण्यात, बोटाएवढा मारुती!

"सर! अहो, तुम्हीच तर सासूबाईंना..."

"मग? एका वादळावर दोन-दोन ऑफिसर ठेवले की गोंधळ होतो!"