आर ड्राइव्हमधलं पुणे

आता काय सांगू तुम्हाला? खरं तर काहीच सांगायचं नाहीये. आईने डोळे मोठे करून बजावलंय. पण पोटात राहत नाहीये, त्याला मी काय करू? एवढा मोठा घोळ मी आजवरच्या पंधरा वर्षांत घातला नव्हता.

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घरात सगळ्यांचा मिळून एकच कॉम्प्युटर. मागच्याच्या मागच्या रविवारी बाबांनी त्यावर बरीच खुडबुड केली. "आता वेब पेजेस कशी झटपट उघडतात बघ!" म्हणाले. पुढे पाच मिनिटं काहीतरी समजावलंही. मी मान हलवत होते. ऐकत नव्हते.

सोमवारी शाळेतून येऊन मशीन लावलं, तर सी आणि डीच्या शेजारी नवाकोरा आर ड्राइव्ह! घरात कुणाला न सांगता एक जास्तीची खोली बांधावी तसा. तुम्हाला नसता आला संशय?

उघडला. जवळजवळ रिकामा. माझं 'रिव्हिजन' आटोपल्यावर पुन्हा डोकावले, तर आत शेकडो फायली, सगळ्यांची नावं विचित्र! एकीवर क्लिक केलं. पुण्यातल्या उंच इमारतीचा फोटो, खाली लिहिलेलं, 'आता घरी परत या.' दुसरीत सामान हलवणाऱ्या कंपनीचा ट्रक. तिसरीत दोन वेण्या घातलेल्या मुली, बोर्डिंग स्कूलच्या फाटकात.

बाबा आम्हाला पुण्याला नेणार! ऐन जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या वर्षी! आणि हॅनाचं काय? मला ही एक मैत्रीण मिळवायला चार वर्षं लागलीत. दोन वेण्यांच्या त्या फाटकात दुसरी मिळेपर्यंत मी म्हातारी होईन.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर आर रिकामा. पुरावा नष्ट! संध्याकाळी पुन्हा इमारत, ट्रक, वेण्या. पुढच्या दिवशी पुन्हा साफ. मग मला जिथे तिथे पुणं दिसायला लागलं. बाबांनी लॉफ्टमधून बॅगा काढल्या. का? जुने बूट चॅरिटी शॉपला दिले. का? भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. इतके गोड का वागतायत?

शनिवारी मराठी शाळेत महाराष्ट्र मंडळातल्या देशमुख काकूंनी मला बरोबर पकडलं.

"सई, चेहरा का गं उतरलाय?"

"काही नाही, काकू."

"काही नाही कसं? आई रागावली?"

"नाही... आम्ही बहुतेक पुण्याला परत चाललोय. पण कुणाला सांगू नका हं!"

"छे गं! मी कशाला सांगू?"

इथल्या आपल्या लोकांची एक रीत आहे. कुणी 'फॉर गुड' परत निघालं, की त्यांच्या घरातल्या वस्तू आधीच वाटून होतात. बुधवारी संध्याकाळी बाबा मेडनहेडच्या ऑफिसातून नुकतेच आले होते, गळ्यात टाय तसाच. बेल वाजली. दारात काकू, हातात मोजायची टेप.

"भाऊजी, सोफा मोजून घेते. आणि मोठा कुकर दुसऱ्या कुणाला कबूल करू नका हं!"

"सोफा? कशाला?"

"आता कशाला लपवताय? मंडळाने शनिवारचा हॉलसुद्धा घेतलाय, तुमच्या निरोपाला!"

आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "निरोप? अहो, कुठे चाललोय आपण?"

"मला काय विचारतेस? मलाही आत्ताच कळतंय!"

आणि मी, वर्गात कधी हात वर न करणारी मी, पुढे झाले. "बाबा, खोटं बोलू नका. सगळं आरमध्ये आहे!"

मशीन चालूच होतं. मी एकेक फोटो उघडून दाखवला. मधले काही मात्र पटकन वर सरकवले. ते पुराव्यातले नव्हते.

बाबा शांतपणे खुर्चीत बसले. "सई, ही रॅम डिस्क आहे. आपण बघतो त्या पानांमधले फोटो ब्राउझर साठवून ठेवतो. ते मी इथे ठेवायला लावलेत. हे सगळं मेमरीत असतं, मशीन बंद केलं की पुसलं जातं. म्हणजे आत्ता इथे जे आहे, ते आज मशीन लावल्यापासूनचं. आज मशीन कुणी लावलं?"

काकूंची टेप खट्कन आत गेली.

"मी," मी म्हणाले. "पण पुण्याचं काही मी उघडलंच नाही!"

"या परदेशातल्या आपल्या लोकांसाठीच्या जाहिराती आहेत. त्या उघडाव्या लागत नाहीत, पानाबरोबर आपोआप येतात. कुठल्या पानाबरोबर आल्या बघू."

त्यांनी फायली वेळेप्रमाणे लावल्या. इमारत, पाच वाजून बारा मिनिटं. ट्रक, पाच बारा. आणि दोघांच्या मध्ये, पाच बारालाच, हिंदी सिनेमाचा हिरो. शर्ट न घातलेला. त्याच्याखाली तोच. त्याच्याखाली पुन्हा तोच, ओला.

मॉक्स, म्हणजे सराव परीक्षा, संपेपर्यंत सिनेमाची साइट बघणार नाही, असं मी देवासमोर कबूल केलं होतं.

"हे कुठल्या विषयाचं रिव्हिजन?" आईने विचारलं.

"अय्या, हा तर मलाही आवडतो!" काकू म्हणाल्या.

दीड आठवडा मी माझ्यावरच पाळत ठेवून होते!

आम्ही कुठेच जात नाहीये. बॅगांची चाकं मोडली होती, एवढंच. पण श्रीखंड सांगून झालं होतं, साठ जणांना फोन गेले होते. बाबा म्हणाले, "रद्द कशाला? जेवू दे सगळ्यांना. आपण का जात नाही, ते सई सांगेल. माइकवर."

"फक्त 'गैरसमज झाला' म्हण," आई म्हणाली. "त्या उघड्याचं नाव काढलंस तर बघ!"

तर आत्ता मी हॉलच्या मागच्या खोलीत बसून हे लिहितेय. एका गोष्टीचं समाधान आहे.

"सईऽ! ये गं लवकर, माइकवर बोलावतायत!"

आले, आई! समाधान हे, की त्या हिरोबद्दल आम्हा तिघांशिवाय कुणालाच काही माहीत नाही, फक्त देशमुख काकूंना, म्हणजे