दुकानाच्या काचेतलं ॲडमिशन

माझ्या हातून घोळ झाला तो असा: मामेबहिणीला परराज्यातल्या एका खाजगी कॉलेजातून आर्किटेक्चरच्या प्रवेशाचं पत्र आलं, आणि मी ते चांगल्या सागवानी पट्टीत फ्रेम करून मामाच्या फ्रेमच्या दुकानाच्या दर्शनी काचेत लावून टाकलं. मामा तेव्हा काच आणायला गेला होता. मला वाटलं खूश होईल. निदान पट्टी वाया घालवली म्हणून ओरडेल तरी.

तो आला, स्कूटर लावली, पत्र वाचलं आणि म्हणाला, "कोपरे छान बसलेत."

एवढंच. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मामाने अजून हो म्हटलंच नव्हतं.

मामाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची कौतुकं चौकटीत बसवण्यात गेलंय. लग्नाचे फोटो, निवृत्तीची मानपत्रं, पदव्या. स्वतः त्याने नववीतच शाळेला रामराम ठोकला. गिऱ्हाईक न्यायला आलं नाही की ती फ्रेम माळ्यावर जाते, भिंतीकडे तोंड करून. "नाहीतर टक लावून बघत बसतात माझ्याकडे," तो म्हणतो.

दुपारपर्यंत निम्मी गल्ली अभिनंदन करून गेली. मामा प्रत्येकाला "हो हो, बघू," म्हणत होता. शेवटी शेजारचा शिंपी म्हणाला, "बघू काय बघू? काचेत लावलंयस की राव!" मामाने माझ्याकडे पाहिलं. मी काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

घरी मामीने विषय काढला. "त्या कॉलेजासाठी दुकान गहाण टाकावं लागेल. इथे सिव्हिलला मिळतंय ना हिला?"

"सिव्हिल म्हणजे आर्किटेक्चर नव्हे, आई."

"दोन्हीकडे घरंच बांधतात ना?"

"मग शिंपी आणि धोबी एकच म्हण. दोघंही शर्टच हाताळतात!"

मी एकटाच हसलो. शुक्रवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा जाणार होती. मामा जेवता जेवता थांबला. "त्याच कॉलेजची एक पदवी पडून आहे माळ्यावर," तो म्हणाला. "तो पोरगा काय म्हणतो बघू."

दुसऱ्या दिवशी ती फ्रेम मांडीवर धरून मी स्कूटरवर मागे बसलो. पोरगा एका बिल्डरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर जिना काढत बसला होता. आम्हाला बघून ओशाळला.

"विसरलो नव्हतो, काका. पण एका खोलीत तिघं राहतो. ही लावायला भिंतच नाही."

"ते जाऊ दे. मला सांग, तुझं ते कॉलेज एवढे पैसे टाकण्याच्या लायकीचं आहे का?"

"कर्ज फिटलं की सांगतो."

"कधी फिटेल?"

"अजून सात वर्षं."

"आणि मला शुक्रवारी भरायचेत. मुलीचे."

त्याचं हसू मावळलं. मग मात्र त्याने हातचं राखलं नाही. शिकवणारे चांगले. एका बाईंमुळे त्याला खोलीत पाऊल टाकताच आधी उजेड कुठून येतो ते बघायची सवय लागली. नोकरी मिळते. पगार इथल्या कॉलेजातून शिकलेल्याइतकाच.

"परत जायचं म्हटलं तर जाशील?" मामाने विचारलं.

त्याने जिन्याला एक पायरी जोडली, पुसली. "जाईन. पण हे मी म्हणतोय, काका. बाबा वेगळं सांगतील. कर्जावर सही त्यांची आहे."

संध्याकाळी मामाने लेकीला सगळं जसंच्या तसं सांगितलं, तो परत जायला तयार आहे हेसुद्धा. मला वाटलं होतं, तेवढं तो गाळेल.

"त्याचे बाबा काय म्हणाले?" तिने विचारलं.

"त्यांना नाही विचारलं."

"मग तूच सांग. तूही बाबाच आहेस ना?"

मामा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "दुकान गेलं तर मला दुसरं काही येत नाही. आणि समजा, नाही गेलं. तरी पाच वर्षं तुझा फोन आला की मला आधी हप्ता आठवेल. तसं नकोय मला."

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाही."

ती रडली नाही. "सिव्हिल," एवढंच आईला म्हणाली. आठवडाभर हेच मागणाऱ्या मामीलाच रडू फुटलं.

सकाळी मामाने काचेतली फ्रेम काढली आणि शिंप्याने तोंड उघडायच्या आत मोठ्यांदा सांगून टाकलं, "पाठवत नाही. झेपत नाही." मी म्हटलं, मामा, माझ्यावर ढकल, मीच आगाऊपणा केला. तो म्हणाला, "तू फक्त गावाला सांगितलंस. 'नाही' मी म्हणालोय. ते माझ्याकडेच राहू दे."

आता ती सिव्हिलला जाते. मामाशी बोलते, नाही असं नाही. पण विटा, वाळू, सिमेंट यांच्यापलीकडे बोलणं जात नाही. मामा सगळं मन लावून ऐकतो.

त्या कॉलेजच्या फॉर्मची फी तिने माझ्याकडून उसनी घेतली होती. परवा जिन्यात भेटली तेव्हा मी चेष्टेत म्हटलं, "व्याज चढतंय हं."

"बुडाले समज," ती म्हणाली. चार पायऱ्या उतरून थांबली. "नाही, देईन. पण आत्ता नको मागूस."

मी अजून मागितलेले नाहीत.