केटिनाला आलेलं स्थळ

केटिनाच्या तोंडापुढे टिकेल असा माणूस बुहेऱ्यातल्या आमच्या टेकाडावर अजून जन्माला यायचाय. पाळकाचा बोकड तिच्या भुईमुगात शिरला, तेव्हा तिने आधी बोकडाला झापलं, मग पाळकाला, आणि रविवारी भर प्रार्थनेत उभी राहून देवाकडे दोघांसाठी क्षमा मागितली. शाळेचे मुख्याध्यापक तिला लांबून बघितलं की सायकल मागे वळवत. नवरा होता तोवर तो बिचारा हं आणि बरं एवढंच बोलला. गेला तेव्हा लोक म्हणाले, आता तरी त्याला वरती कुणी बोलू देईल.

अशा या बाईची जीभ एकाच गोष्टीपाशी टाळ्याला चिकटायची. नातीच्या गोळ्या.

नात माइदेई, तिच्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा पोर पाठीला बांधण्याएवढं होतं. ते ओझं केटिनाने आपल्या पाठीवर घेतलं. पोरीला एचआयव्ही जन्मतःच आईकडून आलेला. रोज संध्याकाळी गोळी घ्यायची, मग तो आत निजून राहतो आणि पोर हुंदडत राहतं, हे दवाखान्याने केटिनाच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. पोरीला मात्र तिने सांगून ठेवलं की गोळ्या छातीच्या आहेत. लहान होती तोवर ही छाती पुरली. पण तेराव्या वर्षी माइदेई शाळेत धावण्यात पहिली आली, बक्षिसाची बादली डोक्यावर घेऊन घरी आली आणि म्हणाली, बघ आजी, माझी छाती बैलासारखी झालीय. आता गोळ्या पुरे.

केटिनाने कधी साखर लावून, कधी रडून, कधी तुझ्या आईची शपथ घालून दिवस ढकलले. पण रोज संध्याकाळी पोर जास्तच अडून बसायला लागली.

दवाखान्यात महिन्यातल्या एका शनिवारी अशा पोरांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा वर्ग भरायचा. अंगणातल्या झाडाच्या एका बाजूला पोरं. गोळी आपली आपण कशी घ्यायची, कुणाला सांगायचं नि कुणाला नाही, नको तिथे नको कसं म्हणायचं, हे शिकायची, आणि मधून मधून गाणी म्हणायची. दुसऱ्या बाजूला आज्या, मावश्या आणि एक घाबरलेला काका. ज्या पोराला खरं माहीत नाही त्याला पोरांत बसवत नसत, म्हणून केटिना एकटीच जायची. घरी सांगायची, गुडघ्यांच्या व्यायामाला जाते. माइदेई म्हणायची, तरी तुझे गुडघे वाजतातच.

वर्ग घेणारी सिस्टर येमुराई मोठी गोड मुलगी. तिने एकदा मोठा भोपळा आणून मधे ठेवला आणि म्हणाली, हे तुमचं नातवंड समजा आणि सांगा त्याला. बाकीच्या आज्यांनी सांगितलं. एक तर रडलीसुद्धा, तिच्याबरोबर काकाही. केटिनाची पाळी आली. तिने घसा साफ केला, भोपळ्याला जेवलास का म्हणून विचारलं, अंगाने चांगला भरलायस म्हणून कौतुक केलं, आणि मग सिस्टरकडे वळून विचारलं की बी कुठलं.

सिस्टरने तिला बाजूला घेतलं. एकटीला जमत नसेल तर दोघींचा भरवसा असलेलं माणूस सोबत घ्या, पण आता सांगाच, म्हणाली. पोरीने गोळी सोडली तर आत निजलेलं उठेल.

भरवशाचं माणूस म्हटल्यावर केटिनाला दुसरं कोण सुचणार? एनॉक. तो त्यांच्या घराचा सहवीरा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या थट्टेच्या नात्यातला. सहवीरा मयतीला आला तर मेलेल्याचा कोट चढवून त्याची नक्कल करतो, आणि रडणाऱ्यांनी हसायचं असतं. त्याचा राग धरायचा नाही. घरातली जी गोष्ट घरच्यांच्या तोंडून निघत नाही, ती त्याने बोलायची. फक्त याच्या पोटात काही राहत नाही, असं त्याची बायकोच सांगायची. तरी केटिनाने त्याला सगळं सांगितलं. एनॉक म्हणाला, शनिवारी सकाळी येतो, रीतसर.

घोळ त्या रीतसरमध्ये झाला. एनॉक उभा जन्म सोयरिकी जमवत आलेला. दुसऱ्याच्या घरी नाजूक गोष्ट न्यायची तर त्याला एकच रीत ठाऊक होती, मागणी घालणाऱ्याची. तो शनिवारी काळा कोट, टोपी, काठी आणि काखेत छत्री अशा थाटात आला, कुंपणाबाहेर उकिडवा बसला, दोन्ही हातांच्या ओंजळीने टाळ्या वाजवल्या आणि घोगऱ्या आवाजात ओरडला, "इकडे शोधा मला!"

ही हाक आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. मुलीला मागणी आली की मध्यस्थ अशीच हाक देतो, आणि मग मुलीकडच्या बायकांनी त्याला पिटाळून लावायचं, चिखल फेकायचा, जमलं तर टोपी पळवायची. एरवी हे सगळं हसत हसत चालतं. पण केटिनाच्या घरात मुलगी एकच, आणि ती तेरा वर्षांची.

शेजारची फरीराईची आई तेव्हा मक्याच्या पिठाचा सादझा घोटत होती. ती घोटायचा दांडा घेऊन तशीच निघाली. मागून तिच्या जावा, त्यांच्यामागे प्रार्थनामंडळातल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे, नक्की काय चाललंय ते ठाऊक नसलेला पाळकाचा बोकड. एनॉकला आधी वाटलं, वा, रीत अजून जिवंत आहे. पहिला दांडा पाठीत बसला तेव्हा त्याला कळलं की ही रीत नव्हे. तो एक बूट टाकून पळाला आणि खांबांवर उभ्या केलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर चढून बसला. खुराडं कुरकुरलं. कोंबड्यांनी आत आकांत मांडला.

"लाज नाही वाटत, म्हाताऱ्या?" फरीराईची आई खालून म्हणाली. "पोरगी अजून दोरीवरच्या उड्या मारतेय. कुणाची मागणी आणलीस ते बोल, आधी त्याला बघते, मग तुला."

केटिना दारात उभी होती. तिला सगळं दिसत होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. एनॉक मागणीला आला नाही म्हणावं, तर मग कशाला आला? आणि कशाला ते सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत हापशावर पोरीच्या रक्ताची चर्चा. तिने एनॉककडे बघितलं. आयुष्यात ज्याच्या तोंडात तीळ भिजला नाही असा तो माणूस तोंड उघडत होता.

"पोरीला नाही," एनॉक वरून म्हणाला. "म्हातारीला आणलंय स्थळ."

उगारलेला दांडा हवेतच राहिला. मग कुणीतरी जीभ हलवून लुलुलु असा मंगल आवाज काढला आणि सगळ्या जणींनी तो उचलला. फरीराईच्या आईने दांडा खाली घेतला आणि चौकशी सुरू केली. नवरा मुलगा मुतारे शहरातला निघाला. विधुर. रेल्वेतून निवृत्त. दात स्वतःचे. एनॉकला एकदा लय सापडली की थांबवत नाही. तो त्याच्या गाईंच्या रंगापर्यंत पोचला, तेव्हा केटिनाने मान खाली घालून होकारासारखं काहीतरी केलं, कारण दुसरा उपाय नव्हता. बायकांना वाटलं, लाजली. केटिना लाजलेली त्या टेकाडाने पहिल्यांदाच बघितली.

गर्दी पांगली. एनॉक बूट शोधायला गेला. गोल स्वयंपाकघरात माइदेई हसून हसून चुलीपाशी आडवी झाली होती.

"आता तू मुतारेला जाणार," ती डोळे पुसत म्हणाली. "बरंच झालं. माझ्यामागे गोळी घेऊन कोण धावतंय? आजपासून बंदच."

भोपळा नाही, सहवीरा नाही, कुणीच नाही. केटिना चुलीपाशी बसली आणि बोलली. "त्या छातीच्या नाहीत, माइदेई. तुझ्या रक्तात एचआयव्ही आहे. तुझ्या आईलाही होता. तिला गोळ्या मिळाल्या तेव्हा उशीर झाला होता. तुला वेळेवर मिळाल्या. म्हणून तू धावतेस."

माइदेई सादझा घोटायला लागली. घोटतच राहिली. खालून करपल्याचा वास सुटला तरी केटिना गप्प राहिली, आणि हे तिच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. मग पोरीने विचारलं, मी मरणार? केटिना म्हणाली, मरशील ना, माझ्याएवढी होऊन, गुडघे वाजवत. गोळी मात्र रोज. मग एकेक निघालं. आईची चूक होती का? नाही. एका ताटात जेवलेलं चालतं? आजवर काय करत होतीस? लग्न, पोरंबाळं? होतात, आणि धडधाकट होतात, सिस्टर सांगेल. धावायचं? धाव.

"आणि पाणी?"

"पाणीही तूच आणायचंस."

"म्हणजे याचा काडीचा फायदा नाही," माइदेई म्हणाली आणि मग मात्र आजीच्या कुशीत तोंड खुपसून रडली. रडून झाल्यावर तिने छातीच्या थापेबद्दल आजीला फैलावर घेतलं. तिचं बोलणं थेट आजीच्या वळणावरचं होतं. केटिनाने हं आणि बरं एवढंच म्हटलं. शेवटी पोरीने फळीवरचा गोळ्यांचा डबा उतरवला आणि आपल्या मांडीवर घेतला. हा आता माझ्याकडे राहील, म्हणाली.

"कुणाकुणाला माहितीये?"

"मला. दवाखान्याला. एनॉकला."

"आता मला. पुढचं कोण, ते मी ठरवणार. तोवर तुझं लग्न जमलेलंच आहे."

केटिना म्हणाली, त्या नवऱ्याला महिन्याभरात मारून टाकते. पोरीने तेही होऊ दिलं नाही. मेला तर सगळ्या जणी पिठाच्या पाट्या घेऊन दुखवट्याला येतील, आणि ते पीठ तू खाणार का?

पुढच्या वर्गाला दोघी मिळून गेल्या, आणि माइदेई पोरांच्या बाजूला बसली. इकडे मुतारेचा तो माणूस अजून ठणठणीत आहे. हापशावर फरीराईची आई रोज विचारते, काय आजी, कधी नेतोय? केटिना हांडा डोक्यावर चढवत सांगते की त्याची गाय व्यायची आहे.