साहेबाची बाटली आणि आमच्या घरचं भरीत

विलायती व्हिस्कीची पारख या विषयात सबंध जळगावात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता, आणि मी जन्मात तिचा एक थेंब प्यालेलो नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. जे पीत होते त्यांची हकीकत ऐकाल तर आणखी हसाल.

मी जिनिंगमध्ये कापसाचा पारखी होतो. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळचा मूठभर कापूस काढायचा, तंतू ओढून बघायचा आणि वास घ्यायचा. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस वरून कितीही कोरडा दिसला तरी आतून कुबट वास मारतोच. तेवढ्या वासावर मी भरलेल्या गाड्या परत पाठवत असे. आमचा साहेब म्हणजे मुंबईच्या एका कापूस कंपनीचा गोरा एजंट. माझं नाक बोललं की तो दुसऱ्या कुणाला विचारत नसे. गळ्यात माझ्या तुळशीची माळ. एदलाबादला मुक्ताबाईच्या देवळात आईने स्वतःच्या हाताने घातलेली. त्यामुळे मांसमच्छी बंद, दारू तर बंदच बंद.

साहेबाच्या बंगल्यावर दर शनिवारी दिवेलागणीला चवीची बैठक बसायची. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं हा सोहळा मी पाहिला. कायमचे पाहुणे दोन. एक जळगावचे डॉक्टर, आणि दुसरे धुळ्याचे वकील, जे चाळीसगावला गाडी बदलून केवळ या पुण्यकर्मासाठी येत. टेबलावर स्कॉटलंडची, आयर्लंडची, अमेरिकेची मक्याची, कॅनडाची राय नावाच्या धान्याची अशा बाटल्या ओळीने मांडलेल्या. वकील ग्लास दिव्यासमोर धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "अहाहा, समुद्राची झुळूक." धुळ्यात पांझरा नदीला पाणी आलं तर हा गृहस्थ घराबाहेर पडत नसे, याला समुद्राची काय माहिती? डॉक्टर त्यावर म्हणत, "आधी धूर, मग मध." मग दोघं एकमेकांकडे बघून मान डोलवत. साहेब खूश.

मी दिवसाचे कापसाचे नमुने दाखवायला बंगल्यावर जात असे. एकदा साहेबाने गंमत म्हणून माझ्या तळहातावर चार थेंब टाकले. मी तूप पारखतात तसे दोन्ही तळवे चोळले, वास घेतला आणि सांगितलं, कापसाच्या ओल्या काड्या, पऱ्हाट्या, पेटवल्या की येतो तसला धूर आहे यात. दुसरी चोळली, तिला मक्याच्या कणसाचा गोड वास. साहेब उडालाच. तेव्हापासून शनिवारी माझी हजेरी ठरलेली. खुर्ची मात्र मिळाली नाही. मी आपला दाराशी, खानसाम्याच्या शेजारी उभा.

हा खानसामा जळगावचाच, पाच वेळा नमाज पढणारा, वीस वर्षं त्या बंगल्यात. साहेब बदलत गेले, हा तिथेच. त्यानेही दारू कधी तोंडाला लावली नव्हती, पण बूच काढलं की नुसत्या वासावर देश सांगायचा. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणायचा, "भाऊ, ही आयर्लंडची." मी तळवे चोळून बघायचो, तर तीच. त्या खोलीत व्हिस्की ओळखणारे दोघेच होते आणि दोघेही न पिणारे. पिणाऱ्यांना फक्त लेबल ओळखू येत असे. एकदा कापूस घ्यायला आलेल्या जपानी व्यापाऱ्याने आपल्या देशाची बाटली दिली. साहेबाने तिला वर्तमानपत्र गुंडाळून ग्लास भरले. वकिलांना पुन्हा समुद्र लागला. स्कॉटलंडखेरीज दुसरीकडे हे जमणारच नाही, म्हणाले. कागद काढल्यावर म्हणाले, "मला वाटलंच होतं." धन्य आहे. अशा माणसांच्या हातात पक्षकारांचे जीव असतात.

आता ती बाटली. साहेबाच्या बापाने विलायतेहून पाठवलेली, साहेबाच्या वयाची. दोन वर्षं कपाटात कुलपात होती. कुलपाची किल्ली खानसाम्याकडे. हंगाम चांगला गेला म्हणून माघात ती उघडायची ठरली. आणि साहेबाला त्याच दिवशी लहर आली की, आधी खानदेशी भरीत खायचं. हुकूम मला सुटला.

बायकोने शेतातच पऱ्हाट्यांवर वांगी भाजली आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या कुटायला घेतल्या. मी म्हटलं, जरा बेताने टाक. ती म्हणाली, "साहेब शे म्हनीसन काय फिक्कं खाई का?" पुढे बोलायची माझी काय टाप होती. मोठं पातेलंभर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन मी बंगल्यावर गेलो.

साहेब आधी हसत खात होता. मग घाम पुसत खाऊ लागला. शेवटी डोळ्यांतून पाणी आलं तरी वकिलांसमोर हरायचं नाही म्हणून खात राहिला. वकील आणि डॉक्टर साहेबासमोर हरायचं नाही म्हणून खात राहिले. तिघांची तोंडं लालबुंद, जिभा बाहेर, हाताने वारा घेणं चाललेलं. आणि त्याच तोंडाने त्यांनी ती बाटली उघडली.

साहेबाने घोट घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, यात पाणी आहे. वकिलांनी चाखून लगेच दुजोरा दिला, निम्मं पाणी असावं म्हणाले. डॉक्टरांनी तर दोन तृतीयांश सांगितलं. तिघेही वळून खानसाम्याकडे बघू लागले. किल्ली कुणाकडे होती?

खानसाम्याचा चेहरा उतरला. "हुजूर, कुराणाची शपथ," एवढंच तो म्हणाला. साहेबाने सांगितलं, आजच्या आज चालता हो, चिठ्ठी मिळणार नाही. चांगल्या वागणुकीची चिठ्ठी नसेल तर भुसावळपासून नंदुरबारपर्यंत एकाही बंगल्यात त्याला कुणी उभं केलं नसतं. वीस वर्षांची चाकरी आणि घरात सहा तोंडं खाणारी.

मी न विचारता पुढे झालो, तळहातावर थेंब घेतले, चोळले, वास घेतला. माल अस्सल होता. असला वास मी त्याआधी घेतला नव्हता आणि नंतरही नाही. मी म्हणालो, "साहेब, यात पाण्याचा टिपूस नाही." वकील छद्मी हसले. म्हणाले, "माळकऱ्याचा वास कोर्टात पुरावा धरत नाहीत." साहेबाने क्षणभर विचार केला आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. तू पिऊन सांग, म्हणाला, मी मानेन.

माझा हात आपोआप माळेवर गेला. सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात खानसामाच बोलला, "भाऊ, माझ्यासाठी माळ काढू नका." त्याने कमरेची किल्ली टेबलावर ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेला.

गावात माझा केवढा बोलबाला झाला. गोऱ्या साहेबाचा ग्लास नाकारला, माळ राखली. बायकोने आळीभर सांगितलं. कीर्तनात बुवांनी नाव न घेता माझं उदाहरण दिलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना वाटलं, केवढा विनय.

पुढच्या शनिवारी तीच बाटली परत निघाली. या वेळी भरीत नव्हतं, नुसते खारे काजू होते. तिघांनी घोट घेतला आणि चकित झाले. उत्तम, अप्रतिम. आता ही गाठ कशी सोडवायची? डॉक्टरांनी सोडवली. बूच उघडून आठवडाभर हवा लागली, म्हणून जुन्या व्हिस्कीचा जीव परत आला. वकिलांनी अनुमोदन दिलं. खानसाम्याला परत बोलवा, असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

पुढल्या हंगामात कापूस बघायला धरणगावला गेलो, तर जिनच्या फाटकाबाहेर तो चहा विकत बसलेला. मला बघून उठला, फडक्याने बाकडं पुसलं, कप हातात दिला. घरच्यांची चौकशी केली. मग चुलीत लाकूड सारत म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी भरीत फार तिखट होतं ना?"

म्हणजे त्यालाही कळलं होतं. साहेबाच्या तोंडावर तो कसा बोलणार होता? "साहेब, मिरचीने तुमच्या जिभा भाजल्यात, उद्या चाखून बघा," एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. ते त्या दिवशी माझ्या ओठांवर होतं, आणि ऐन हंगामात साहेबाला राग येईल म्हणून मी ते गिळलं. ते बोलायला माळ काढावी लागत नव्हती.

मी म्हणालो, "हो, तिखट होतं." त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.