भिंतीपलीकडचे चौघे

विलायतेतल्या चार पोरांच्या अब्रूची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता, आणि तो परळीत माझ्या भिंतीपलीकडं राहत होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची स्मरणिका निघायची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, सर, तुमच्या शेजाऱ्यांवर लिहा, लई मजेशीर माणूस होता. मी दरवेळी डोळ्यांचं कारण सांगत आलो. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला आणि ते कारणही गेलं. मजेशीर तर ते होतेच. पण तेवढंच लिहिलं तर लेख छान होईल आणि खोटा होईल, म्हणून आजवर टाळलं.

ते औष्णिक केंद्रात फिटर होते आणि मी हायस्कुलाचा मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर दोघांनी जोडघरं घेतली, मधे एकच भिंत. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आधी भिंतीतून त्यांची बुद्धवंदना ऐकू आली आणि तिच्यामागून लगेच इंग्रजी गाणं. चार गळे, गिटारी, ढोल. मी तक्रार करायला गेलो तर त्यांनी मला हाताला धरून शोकेसपुढं उभं केलं. वर बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली टेपरेकॉर्डर आणि टेपरेकॉर्डरवर वहिनींच्या चोळीचा जरीचा खण, कारण परळीत राख कशावरही बसते. कॅसेट एकच होती. बदली होऊन गेलेल्या एका बंगाली इंजिनिअरनं ती त्यांना जाताना दिली होती. एका बाजूला नीट ध्वनिमुद्रित केलेली गाणी, ती सकाळी. दुसऱ्या बाजूला भर मैदानातला कार्यक्रम, तो संध्याकाळी. सलग दोन्ही बाजू का लावत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "दिवस मधी नको का?" टेपरेकॉर्डरमध्ये अडकू नये म्हणून कॅसेटची ढिली फीत पेन्सिलीनं घट्ट गुंडाळायची. ते काम रोज दुपारी ओट्यावर बसून, गहू निवडावेत इतक्या मन लावून चालायचं.

त्या बँडचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. कपाळावर केस घेतलेली, बंदरगावातली ती चार पोरं, साठ वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी जगभरच्या मुली रडल्या, ती. आमच्या शेजाऱ्यांसाठी ते नुसते "आमचे चौघं" होते. "आमच्या चौघांतले दोघं गेले," असं एकदा त्यांनी इतक्या पडक्या चेहऱ्यानं सांगितलं की आमच्या घरातून विचारणा झाली, "म्हणजे तलवाड्याचे का हो?" तलवाडा त्यांचं गाव. इंग्रजी त्यांना नोटीस बोर्डापुरती यायची, गाण्यांचा अर्थ विचारला तर "लई खोल हाय" एवढंच सांगत. पण भेटेल तो माणूस चौघांपैकी कोणता, हे त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. दूधवाला गप्प राहणारा, कारण तो हिशेबाशिवाय बोलत नसे. वहिनी ढोलवाला, कारण घराचा ठेका त्यांच्या हातात. मी कोणता, हे विचारायला मी फार दिवस लाजलो. शेवटी विचारलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "सर, तुमी चौघांतले न्हाई. तुमी म्यानेजर. वाजवत न्हाई, पण पुढल्या खुर्चीत तुमीच."

लग्नाला ते नवरा-नवरी बघायला जात नसत, बँड बघायला जात. वरातीपुढं उलटं चालत, बँडवाल्यांच्या तोंडाकडं डोळे लावून. पूर्वी बँडपार्टीत रांगा भरलेल्या दिसाव्यात म्हणून काही माणसं नुसती वाद्य धरून उभी केलेली असत. वाजवता न येणारी. त्यांना भरतीची माणसं म्हणत. आमचे शेजारी ती अचूक ओळखायचे. "गाल कुणीबी फुगवतंय, सर," ते म्हणायचे, "गळा बघा. वाजवणाऱ्याचा गळा हलतो." एकदा एका लग्नात त्यांनी असा एक माणूस हेरला. मला वाटलं, आता मास्तरला जाब विचारणार. त्यांनी मांडवातून दोन लाडू आणले आणि गुपचूप त्या माणसाच्या हातात दिले. वहिनी मात्र अशा वेळी आमच्या हिला अभिमानानं सांगायच्या, "यांचं सारं लक्ष बँडमधी, पूर्वी स्वतः ट्रंपेट वाजवायचे ना. मी त्यांना वरातीत वाजवताना पाहिलं आणि घरी सांगितलं, दिलं तर ह्याच घरी द्या."

सगळं बिघडलं ते माझ्या पुण्याच्या नातीमुळं, म्हणजे तिचा दोष काहीच नाही. ती दिवाळीला आली, भिंतीतून गाणं ऐकलं आणि नंतर ओट्यावर आलेल्या शेजाऱ्यांना, ज्यांना ती आबा म्हणायची, सहज म्हणाली, "आबा, हे तर पहिले बॉय बँडवाले." बॉय बँड म्हणजे काय, ते तिनं मोबाइलवर दाखवलं. दिसायला देखणी पोरं निवडायची, एकसारखे कपडे घालायचे, एकसारखं नाचवायचं आणि मुलींना रडवायचं. शेजारी उठून गेले. तीन दिवस भिंत बंद होती. चौथ्या दिवशी ते वही घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर खटला सुरू झाला.

ती म्हणाली, चौघांचे कोट सारखे होते. ते म्हणाले, "आमच्या शिफ्टला बी सगळ्यांचे कपडे सारखे हुते. म्हणून आमी नाचत हुतो का?" ती म्हणाली, केसही सारखे. ते म्हणाले, न्हावी एकच असंल. ते म्हणाले, गाणी चौघांनी स्वतः लिहिली. ती म्हणाली, सगळी नाही, सुरुवातीला दुसऱ्यांचीही गायली, आणि आधी चामड्याची जाकिटं घालत होते, कोट मॅनेजरनं चढवले. शेजारी थबकले. "ह्ये खरं हाय," म्हणाले आणि तिचा मुद्दा स्वतःच्या वहीत लाल शाईनं लिहून घेतला. ती जिंकायची ते मुद्दे लाल, ते जिंकायचे ते निळे. दिवाळी संपता संपता वहीत लाल जास्त झालं. निघताना तिनं विचारलं, "मग आबा, फरक नेमका काय?" ते म्हणाले, "फरक हाय. सांगता येत न्हाई. टाइम दे."

तो फरक त्यांना आठवडाभरानं सापडला, आणि त्यांनी तो आधी मला सांगितला. गच्चीवर, दिवस कलताना. समोर केंद्राच्या चिमण्या, हातात चहाचे पेले. म्हणाले, एकोणिसाव्या वर्षी मी एका लग्नसराईत बँडमध्ये होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाजवत नव्हतो, हे ठाऊक नाही. सोडून गेलेल्या माणसाचा गणवेश अंगाला बसला म्हणून मास्तरनं घेतलं होतं. चुकून सूर निघू नये म्हणून ट्रंपेटमध्ये फडकं कोंबलेलं. शिकवा म्हटलं की मास्तर म्हणे, पुढल्या लग्नाला. एका वरातीत नवरदेवाची म्हातारी आजी जवळ आली आणि तिनं ट्रंपेटला कान लावला. नुसतं माझ्याकडं बघून पुढं गेली.

"तिचं ते बघणं अजून हाय, सर," ते म्हणाले. मग चौघांवर आले. "त्या मैदानात पोरी इतक्या किंचाळत हुत्या की गाणं कुणालाच ऐकू येत नव्हतं. त्यांचं त्यांना बी न्हाई. नुसतं उभं राहिले असते तरी भागलं असतं. तरी वाजवलं. कशापायी वाजवलं असंल?"

उठताना त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि म्हणाले, "फडक्याचं हिला ठावं न्हाई. तिनं मला वाजवताना पाहून पसंत केलंय. तुमालाच सांगितलं."

मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान असायचं. गुडघेदुखी, मृत्युपत्र, गीतेचा बारावा अध्याय, असे विषय. मी अध्यक्ष. शेजाऱ्यांनी पुढचं व्याख्यान मागितलं आणि मी दिलं. लोक गंमत बघायला आले. वहिनी नवं लुगडं नेसून बायकांच्या रांगेत पहिल्या होत्या. सुरुवातीला ते वहीतून अडखळत वाचत होते, लाल मुद्देही लपवले नाहीत. मग त्यांनी वही मिटली आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मैदानातली बाजू. किंकाळ्यांचा पाऊसच. "गाणं शोधा," ते म्हणाले. चाळीस म्हातारी माणसं कानामागं हात धरून पुढं झुकली. हळूहळू, त्या गोंगाटाच्या तळाशी, खरंच चौघे वाजवताना ऐकू आले. "कुणी ऐकत नव्हतं," ते म्हणाले. "तरी वाजवत हुते. बॉय बँड असते तर नुसते उभे राहिले असते." मग एक निवृत्त तलाठी हळूच म्हणाले, "परत लावा."

माझा समारोप हे मंडळाचं मुख्य आकर्षण असतं, अशी माझी समजूत होती. मी माइकपाशी गेलो तेव्हा माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे त्या टेपरेकॉर्डरकडं बघत होते. मला हशा हवा होता. तो मला कुठून मिळेल ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "आपल्या वक्त्यांचा या विषयातला अधिकार मोठा आहे. तरुणपणी ते स्वतः वरातीत ट्रंपेट धरून उभे राहायचे. आत फडकं कोंबलेला ट्रंपेट. तेव्हा मंडळी, बीड जिल्ह्यातला पहिला बॉय बँड आज आपल्यासमोर बसला आहे."

हशा आला. इतका मोठा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "शेवटी बँडवालेच की." मी पाटलाच्या घरात वाढलोय. तो शब्द कोणत्या सुरात म्हटला जातो आणि कुणाला, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी त्याला दार मी उघडून दिलं. वहिनी आधी सगळ्यांबरोबर हसल्या. मग त्यांना अर्थ लागला आणि त्या वळून नवऱ्याकडं बघू लागल्या. शेजारी टेपरेकॉर्डरची वायर तळहाताभोवती गुंडाळत होते, एकसारखे वेढे घालून. गुंडाळून झाल्यावर त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. अध्यक्षांचेही.

त्यानंतर भिंतीतून गाणं आलं नाही. लावत असतील, पण माझ्यापर्यंत पोचू नये इतकं हळू. फाटकात भेटलं की "नमस्कार, सर" मात्र पूर्वीसारखाच. मंडळात येणं थांबलं, कान गेले म्हणून सांगायचे, आणि कान खरोखरच जात चालले होते. मी चौतीस वर्षं मुलांकडून माफीपत्रं लिहून घेतली. मायना, मजकूर, खाली सही, सगळं तोंडपाठ. स्वतः लिहायला बसलो की मायन्यातच अडकायचो.

असं तीन वर्षं. मग नातीचा फोन आला. व्याख्यानाचा सारांश मी तिला कधीतरी सांगितला होता, समारोपाचा नाही. ती म्हणाली, "आबांना सांगा, मी खूप विचार केला. त्यांचे चौघे बॉय बँड नाहीत. मी हरले." निरोपाचं निमित्त मिळालं म्हणून मी गेलो. त्यांच्या कानात यंत्र होतं. निरोप ऐकून ते लहान मुलासारखे हसले, वही काढली आणि निळ्या शाईनं शेवटचा मुद्दा लिहिला. "पोरगी इमानदार हाय," म्हणाले.

आता बोलायचं, असं मी ठरवलं, तेवढ्यात गल्लीत वरात शिरली. डीजेच्या दणक्यानं शोकेसच्या काचा थरथरू लागल्या. यंत्र कानात शिट्टी घालायला लागलं, तसं त्यांनी ते काढून वाटीत ठेवलं आणि माझ्याकडं बघून हातानं खूण केली, बोला. त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. मलाही माझं ऐकू येणार नव्हतं. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी उभा राहिलो. ओठ हलवले. सगळं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठांनी म्हटलं. आवाज काढला नाही.

ते माझ्या ओठांकडं बघत नव्हते. थोडं खाली बघत होते.

वरात पुढं गेली. त्यांनी यंत्र कानात घातलं, सावकाश. "गळा हलला न्हाई, सर," म्हणाले. मग माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या. उभं तर राहिलात."

तेव्हा बोलता आलं असतं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी साखरेविषयी काहीतरी बोललो.

पुढच्या थंडीत ते गेले. आता सकाळी सहाला वहिनी कॅसेटची एक बाजू लावतात, पूर्वीच्याच आवाजात, आणि ती भिंतीतून येते. रोज ऐकतो. रोज ते वाक्य मनात म्हणतो. आज पहिल्यांदाच गळ्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणालो, आणि जसं म्हणालो तसं इथं लिहितो. तुम्ही भरवशानं सांगितलेली गोष्ट मी एका हशासाठी चारचौघांत उघडी केली, वहिनींच्या देखत. माझं चुकलं.