वरमाईसाठी थांबवलेला जिना

पुण्याची गाडी भंडारा रोडला लागली तेव्हा आई माझ्या पिशवीत आणखी काही कोंबता येतं का ते बघत होती आणि बाबा मला अट घालत होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. स्टेशनावरसुद्धा ते वर्गात बोलल्यासारखे बोलत. "तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली तर राहा तिकडे. नाही झाली तर गुमान वापस ये आन् मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बस." आई खिडकीतून एवढंच म्हणाली, "रडू नको व." रडत ती होती, मी नव्हते.

मामाचं ते दुकान, तुम्ही जे गावी राहिलात त्यांना सांगायला नको. वीज असली तर कागद नाही, कागद असला तर वीज नाही, आणि दोन्ही असलं तर मामा जेवायला गेलेला. मी वस्तीतली बी.ए. झालेली पहिली मुलगी. बुद्धजयंतीला स्टेजवरून भाषण करायचे तेव्हा माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जायचं. आणि मी जन्मभर लोकांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढायच्या? काही झालं तरी परत यायचं नाही, असं मी गाडीत ठरवलं.

माझ्यासारखे जे इकडे आलात त्यांना खोली शोधणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. नारायण पेठेत एका काकूंनी नाव विचारलं, "छान आहे" म्हणाल्या. मग आडनाव विचारलं, आणि त्यांना एकदम आठवलं की खोली कालच दिलीय. दुसऱ्या घरी तेवढासुद्धा वेळ लागला नाही. राग आला होता, अजूनही येतो, त्यात लपवायचं काय? शेवटी स्वारगेटजवळ मुलींच्या हॉस्टेलात एक कॉट मिळाली. खोलीतल्या बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटर शिकत होत्या. त्या झोपेतसुद्धा अमेरिकेला जाऊन यायच्या.

मला नोकरी लागली ती आवाजामुळे. साड्यांचं चार मजली नवं दुकान उघडलं होतं आणि त्यांना "पदवीधर, नम्र, खणखणीत आवाजाची" मुलगी हवी होती. मला वाटलं, काउंटरवर बसवतील. त्यांनी मला जिन्यापाशी उभं केलं. सरकता जिना! आपल्याकडच्या पायऱ्या कशा, बिचाऱ्या जागच्या जागी. ही पायरी जमिनीतून निघते, वर जाते आणि परत जमिनीत शिरते. जिना बसवणाऱ्या कंपनीच्या माणसानं एका सकाळी सगळं शिकवलं. पिवळ्या रेघेच्या आत पाय ठेवा, बाजूचा काळा पट्टा धरा, निऱ्या वर घ्या, मुलांचा हात सोडू नका, वर पोचलात की थांबू नका. मी मान डोलवली. मग तो म्हणाला, "आता तुम्ही चढून दाखवा." बाप्पा! माझा पाय काही उचलेना. तोंडानं सगळे नियम पाठ आणि पाय म्हणतोय, तूच जा. त्यानं अक्षरशः मनगट धरून मला वर नेलं, आणि दुपारी दुकान उघडल्यावर तीच मी सगळ्या पुण्याला जिना शिकवायला लागले.

पुणं शिकायला तयार होतं असं मात्र समजू नका. कोणी चपला काढून हातात घ्यायचं, कोणी पायरीला हात लावून नमस्कार करायचं. बायकांना उजवाच पाय आधी टाकायचा असे. तो उजवा येईपर्यंत पायरी निघून जायची, मग पुढच्या पायरीला पुन्हा डावाच यायचा, आणि बाई जागच्या जागी लेझीम खेळत राहायची. वर पोचलेली माणसं तिथंच थांबून पदर सारखा करायची, "अगं, ती बॅग कुणाकडे आहे?" म्हणायची, आणि मागून येणारे त्यांच्यावर धडकायचे. एक टोपीवाले काका रोज यायचे, चढायचे कधीच नाहीत. "जिना आपला आपण वर जातो ना?" त्यांनी मला विचारलं. "हो काका." "मग मी कशाला त्याच्याबरोबर? जाऊ दे त्याला." उतरायला सरकता जिना नव्हता, मागचा साधा जिना होता. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे फक्त वर पाठवायची सोय आहे. बरं आहे, कळलं."

आमचे मॅनेजर सबनीस साहेब. त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही. ते "आपण" म्हणत आणि त्या "आपण"मध्ये माणूस चिरडून जायचा. "आपण 'येऊन राहिले', 'जाऊन राहिले' म्हणता. आपल्याकडे ग्राहक येतात किंवा जातात, राहात नाहीत." मी आरशासमोर सराव केला. "अहो, जरा जपून. आपण पट्टा धरावा." महिन्याभरात मी इतकं शुद्ध बोलायला लागले की फोनवर आई म्हणाली, "कोण बोलून राहिलं?"

तीन महिने संपत आले होते तेव्हा लोणी काळभोरचा तो बस्ता आला. लग्नाची सगळी कापडं एकाच दिवशी घ्यायची, आणि ती घ्यायला दोन्हीकडचे झाडून सगळे यायचे, मामा, आत्या, चुलत्या, कडेवरची पोरं. दोन जीपगाड्या आणि एक टेम्पो भरून माणसं उतरली. सबनीस साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आपल्याला नोकरीत कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. आज कोणी पडलं, तर तो तिथंच राहील." मला समोर मामाचं झेरॉक्सचं दुकान दिसायला लागलं.

झालं असं, की मुलीकडची तरुण मंडळी हुर्रे करत आधीच वर गेली. त्यांच्यामागून मुलीची आई, तिचे भाऊ, सगळे. मुलाची आई, म्हणजे वरमाई, खाली राहिली. चांगली भारदस्त बाई, हिरवं लुगडं, ठसठशीत नथ. तिनं वर पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि सरळ माझ्या स्टुलावर बसली.

"पोरीकडचे आधी चढले. आता मी त्यांच्या मागनं जाऊ व्हय?"

दीर म्हणाला, "वैनी, चला की." नवरा म्हणाला, "अगं, लोक बघत्यात." बाई हलेना. सबनीस साहेबांनी नम्रपणे मागचा जिना सुचवला. "मागच्या जिन्यानं? मी वरमाई हाय, चोरावानी जाऊ?" वरून मुलीच्या मामानं ओरडून विचारलं की काय झालं. खालून दिरानं ओरडून सांगितलं की मान ठेवायचा नसेल तर बस्ता दुसरीकडं बांधू, नाहीतर सोयरीकच राहू द्या. वरच्या कठड्याला धरून नवरी मुलगी उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी बाईच्या अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. तोंडानं ती मानाचं बोलत होती, पण नजर जमिनीतून निघणाऱ्या पायरीवरून हलत नव्हती. पायाची बोटं चपलेत घट्ट वळलेली. मानाबिनाचं काही नव्हतं हो! बाई घाबरली होती. आणि घाबरले म्हणून कसं सांगणार? वरून विहीण बघतेय. माझा पहिला दिवस आठवला आणि मला तिची इतकी माया आली की सबनीस साहेबांचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं. मी वाकून तिच्या कानात विचारलं, "भेव लागते काय व माय?"

ती दचकली. "हळू बोल की!" मग माझ्याकडे नीट बघून, "कुठली गं तू?"

"भंडाऱ्याकडची."

"लई लांबनं आलीस." तिनं माझं मनगट धरलं. "मला न्हाय जमायचं पोरी. पडले तर ती जन्मभर हसंल."

जिन्याच्या पायथ्याशी एक लाल बटण असतं. कोणाचा पदर अडकला, पाय अडकला तरच दाबायचं, एरवी हात लावायचा नाही, ही ताकीद मला पहिल्या दिवसापासून होती. जिन्यावर कोणी नाही याची खात्री करून मी ते दाबलं. जिना घरघरला आणि थांबला. सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बुद्धजयंतीचा आवाज काढला. "वरमाईंच्या मानासाठी जिना थांबवण्यात येत आहे! सर्वांनी बाजूला व्हावं!"

दिरानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. बाई उठली, पदर सारखा केला, नथ सारखी केली आणि पट्टा धरून एकेक पायरी चढायला लागली. अर्ध्यावर थांबून तिनं विहिणीकडे असं काही पाहिलं की विचारू नका. विहिणीच्या वेळी जिना चालूच होता ना.

सबनीस साहेब माझ्याजवळ आले. "आपण जिना थांबवलात. उद्या दुकानच बंद ठेवू, म्हणजे सगळ्यांचाच मान राहील." मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात वरून हाक आली. "ती भंडाऱ्याची पोरगी कुठाय? तिला वर धाडा, तिला दाखवल्याबिगर मी शालू घेत नसती." संध्याकाळपर्यंत मी गादीवर बसून शालू पसंत करत होते. नवरी मुलगी माझ्या शेजारी सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, थँक्यू." एवढा मोठा बस्ता त्या दुकानानं तोवर पाहिला नव्हता. मालकांनी सबनीस साहेबांना विचारलं, प्रत्येक वरमाईसाठी का नाही थांबवत?

मग काय! त्या लग्नसराईत तीच रीत पडली. "अमक्यांच्या वरमाईला थांबवला होता, आमच्या का नाही?" पुढे नवरीची आई भांडायला लागली, मग मुलाची आत्या. परदेशातून एवढा खर्च करून आणलेला सरकता जिना सराईभर बहुतेक उभाच असायचा. मला मात्र फायदा झाला. उभ्या जिन्यावर लोकांचे पाय सरावायचे, मग खाली आणून मी चालू जिन्यावर चढवायचे, आणि ते न अडखळता जायचे. माझा कागद टेबलावरून माझ्या हातात आला. मी बूथवरून गावी फोन लावला. बाबा म्हणाले, "पक्की म्हणजे लेखी काय?" "लेखी." "मंग राहा." मी जिंकले होते, आणि हॉस्टेलच्या कॉटवर उशीत तोंड खुपसून रडत होते.

आता पुण्यात जिन्याला कोणी भीत नाही. मी मॉलमध्ये आणि आयटी पार्कमध्ये कामाला लागलेल्या मुलांना शिकवते, लिफ्ट बंद पडली तर काय करायचं, जिन्यावर कोणी पडलं तर काय करायचं. पूर्वी लोक पायांकडे जास्त बघायचे, आता बघतच नाहीत, मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. हडपसरला आमचा फ्लॅट आहे. शेजारचे काका लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, "आपले चिरंजीव सगळ्या मजल्यांची बटणं दाबतात. निवडणुकीला उभे राहणार आहेत का?" मान वगैरे इथं मला कोणी देत नाही. मीही त्यांच्या पार्किंगबद्दल काय बोलायचं ते बोलते.

मान मिळतो तो गावी. बाबा स्टेशनावर भाड्याची गाडी घेऊन येतात. पलंगावर नवी चादर, चहाला कपबशी. वहिनी चुलीपाशी फिरकू देत नाही. "तुम्ही बसा न, दमून आल्या." आई माझ्यासमोर घरातलं काही बोलत नाही, हवापाण्याचं बोलते. मी लोकांना मान वाटण्यात इतकी वर्षं घालवली, मला कळतं ना तो कोणाला देतात. जो उद्या निघून जाणार आहे त्याला.

गेल्या खेपेला माझं डोकं सटकलं. कपबशी खाली ठेवून मी म्हटलं, "मी काय पाहुणी आहो व आई?" वहिनी दारात थबकली. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं, दुखावली. ती लाखोळीच्या डाळीनं भरलेलं सूप घेऊन बाहेर आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"निवडून दे मंग. आन् खडा राहू देऊ नको, तुह्या बाबाच्या दाढा गेल्या आता."

बाबांच्या दाढा गेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. मी नव्या चादरीवरून उठले, खाली मांडी घालून बसले आणि खडे शोधायला लागले.